तार ओढली की रोध किती वाढतो? पुस्तकातली चौपट आणि मल्टिमीटरवरचा आकडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बारावीच्या पुस्तकात आहे की तार ओढून लांबी दुप्पट केली तर तिचा रोध चौपट होतो. तुम्ही पंख्याच्या वाइंडिंगची मीटरभर तांब्याची तार घेतली, एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं पकडीत धरून ओढलं. तार १०८ सेंटिमीटरपर्यंत लांबली, आणखी ओढल्यावर पकडीजवळ तुटली. मल्टिमीटरवर आधी ०.९ ओहम होतं, ओढल्यावर आकडा ०.९ आणि १.० च्या मध्ये नाचत राहिला. मग सूत्र चुकीचं की तुमचा प्रयोग? आणि तार बारीक होते तरी रोधकता तीच राहते हे कशावरून?

दोन्ही चुकीचे नाहीत. तुमच्या मीटरने सूत्राला दुजोराच दिलाय, पण तो इतका लहान होता की तुमच्या लक्षात आला नाही. खरा प्रश्न मला असा दिसतो: 'चौपट' हे उत्तर कोणत्या गोष्टी गृहीत धरून येतं, आणि त्यातल्या किती तुमच्या हातातल्या तारेला लागू होत्या? माझं काम वजनकाट्यांचं आणि त्यांत भार मोजणाऱ्या सेन्सरचं, म्हणजे लोड सेलचं आहे. ताणलेल्या तारेचा रोध मोजणं हाच आमचा धंदा, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी भूमिती. रोध म्हणजे रोधकता गुणिले लांबी, भागिले काटछेदाचं क्षेत्रफळ. तार ओढताना तांबं कुठून आणलेलं नसतं आणि कुठे गेलेलंही नसतं. कणकेची लोळी हाताने लांबवली की ती तेवढीच बारीक होते, तसंच. आकारमान तेच, म्हणून लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ निम्मं होतं. लांबीमुळे रोध दुप्पट, बारीक होण्यामुळे पुन्हा दुप्पट, मिळून चौपट. लांबी जितक्या पटीने वाढेल तिच्या वर्गाइतक्या पटीने रोध वाढतो. तारेची मधोमध घडी घालून दोन्ही पदर एकत्र पिळले तर उलट होतं: लांबी निम्मी, क्षेत्रफळ दुप्पट, रोध पाव.

सीईटी आणि जेईईच्या प्रश्नांत मुलं कुठे अडखळतात तेही सांगतो. लांबी १० टक्के वाढली तर रोध १.१ च्या वर्गाने, म्हणजे १.२१ पट होतो. वाढ २१ टक्के, २० नव्हे. लांबी दुप्पट झाली तर रोध चौपट होतो, पण वाढ ३०० टक्के असते, ४०० नव्हे. ताण अगदी थोडा असेल, म्हणजे एक टक्का किंवा त्याहून कमी, तरच 'रोधातली वाढ लांबीतल्या वाढीच्या दुप्पट' हा सोपा हिशेब चालतो.

आता तुमचा आकडा. पंख्याला बहुधा ३६ गेजची तार असते, व्यास ०.१९३ मिलिमीटर. तांब्याची रोधकता धरून हिशेब केला तर अशा एक मीटर तारेचा रोध ०.५९ ओहम येतो. तुमच्या मीटरने ०.९ दाखवलं, म्हणजे वरचे सुमारे ०.३ ओहम मीटरच्या वायरींचे आणि टोकांच्या जोडाचे. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, साधारण तेवढंच दिसेल. तार १०८ सेंटिमीटर झाली तेव्हा तिचा रोध १.०८ च्या वर्गाने, म्हणजे १.१७ पट झाला: ०.६९ ओहम. त्यात ०.३ मिळवा, ०.९९. मीटर ०.१ ओहमच्या पायरीने मोजतो आणि शेवटचा अंक एखाद्या आकड्याने इकडे-तिकडे होतोच. त्यामुळे ०.९ आणि १.० च्या मध्ये नाचणं अगदी अपेक्षित होतं. एवढ्या कमी रोधाला साधा मल्टिमीटर पुरत नाही.

दुसरी अडचण म्हणजे हाताने ओढून तार दुप्पट लांब होतच नाही. वाइंडिंगची तार भट्टीत तापवून नरम केलेली असते, तरी ती २०-२५ टक्क्यांच्या आसपास लांबून तुटते. कडक ओढीव तांब्याची तार घेतली तर ती एक-दोन टक्क्यांतच जाते. तुमची ८ टक्क्यांवर गेली याचं कारण पकड. पकडीच्या दातांनी तारेला खाच पडते, तेवढीच जागा कमकुवत होते आणि सगळा ताण तिथे एकवटतो. ३६ गेजची तार फार जोराची नसते. अर्ध्या-पाऊण किलोच्या वजनाने ती तुटते, म्हणून झटका देऊन ओढून उपयोग नाही.

मग दुप्पट, चौपट, हजारपट लांब होते ती कुठे? तार ओढण्याच्या कारखान्यात. तिथे ८ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या सळईपासून सुरुवात होते. ती एकापाठोपाठ एक लहान होत जाणाऱ्या भोकांच्या कठीण साच्यांमधून, म्हणजे डायमधून ओढतात, दर डायला क्षेत्रफळ थोडं कमी होतं, आणि मध्ये कधीतरी भट्टीत तापवून नरम करतात. ती एक मीटर सळई ०.२ मिलिमीटरपर्यंत नेली तर व्यास ४० पट कमी, क्षेत्रफळ १६०० पट कमी, म्हणून लांबी १६०० मीटर. रोध १६०० च्या वर्गाने वाढणार, म्हणजे २५ लाख ६० हजार पट! सळईच्या मीटरला ०.३४ मिलिओहम होता, तो ओढून झाल्यावर सुमारे ८८० ओहम होतो. तांब्याचा कण तोच, वजन तेच. वर्गाचं सूत्र एवढ्या टोकापर्यंत टिकतं, कारण डायमधून जाताना तार सगळीकडे सारखी बारीक होते.

सारखी बारीक होणं ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. हाताने ओढलेली तार तुटण्याआधी एका जागी कंबर आवळल्यासारखी होते. तिथून पुढे लांबी फारशी वाढत नाही, पण त्या बारीक जागेचा रोध झपाट्याने वाढतो. आकारमान आणि एकूण लांबी तीच धरली तर सगळीकडे सारख्या जाडीच्या तारेचा रोध सर्वांत कमी असतो. कुठे जाड कुठे बारीक असली की तो वाढतोच. म्हणून तुटायच्या बेतात असलेल्या तारेला वर्गाचं सूत्र लावलं तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं.

दोन गफलती नेहमी दिसतात, त्याही इथेच सांगून टाकतो. पहिली: तार ओढायची, मग तिच्यातून पुन्हा एक मीटरचा तुकडा कापून मोजायचा आणि 'चौपट का नाही' म्हणायचं. कापलेल्या तुकड्यात लांबीचा भाग उरलाच नाही, फक्त बारीक होण्याचा परिणाम उरला. दुप्पट ओढलेल्या तारेच्या एका मीटरचा रोध मूळ मीटरच्या दुप्पटच असतो. चौपट हवा असेल तर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत तीच संपूर्ण तार मोजली पाहिजे.

दुसरी गफलत शेगडीच्या कॉइलची. कॉइल ओढून लांब केली की रोध वाढतो असं पुष्कळांना वाटतं. नाही वाढत. कॉइल ओढताना वेटोळी उलगडतात, नायक्रोमची तार स्वतः लांबत नाही. तुटलेल्या कॉइलची टोकं पिळून जोडतात तेव्हा मात्र तार आखूड होते आणि रोध उतरतो. २३० व्होल्टवर २००० वॉटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम असतो. त्यातला दहावा भाग गेला तर ती २२०० वॉटच्या वर जाते आणि जोडाच्या जागी पुन्हा जळते. म्हणून जोडलेली कॉइल वापरू नये असं मी सगळ्यांनाच सांगतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त मोलाचा वाटतो. रोधकता तीच राहते हे कशावरून? याचं प्रामाणिक उत्तर असं की ती तंतोतंत तीच राहत नाही. पुस्तक ती तीच धरतं, आणि बारावीच्या हिशेबाला ते पुरेसं आहे. किती बदलते हे धातूवर आणि ताण किती दिला यावर अवलंबून आहे.

तांबं ओढलं की त्याच्या स्फटिकांत दोष वाढतात, इलेक्ट्रॉनना अडथळे वाढतात. कडक ओढीव तांब्याची वाहकता नरम तांब्याच्या सुमारे ९७ टक्के भरते, म्हणजे रोधकता तीनेक टक्क्यांनी वर गेलेली असते. तीच तार भट्टीत तापवून नरम केली की बहुतेक फरक निघून जातो. नरम तांब्याचा प्रमाण आकडा १९१३ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला ओहमचा ५८ वा भाग. आजही केबलवाले तांब्याची प्रत याच मापाने सांगतात. तुमच्या तारेसाठी मात्र हा तीन टक्क्यांचा फरक काही खिजगणतीत नाही, कारण तुमच्या मीटरची एक पायरीच १० टक्क्यांहून मोठी होती.

हे झालं तार कायमची लांबते तेव्हाचं. सोडल्यावर तार पुन्हा मूळ लांबीवर येते इतका हलका ताण असेल तर गोष्ट बदलते, आणि माझं सगळं काम तिथलं आहे. या टप्प्यात आकारमानही अगदी तेच राहत नाही. पोलादासारखा धातू एक टक्का लांबला तर आडवा सुमारे ०.३ टक्केच आखडतो. भूमितीचा हिशेब केला तर लांबीचा एक आणि आडव्या आखडण्याचे दोनदा ०.३, मिळून १.६. म्हणजे फक्त आकार बदलल्यामुळे रोधातली टक्केवारीची वाढ ताणाच्या, म्हणजे लांबीतल्या टक्केवारीच्या वाढीच्या, १.६ पट व्हायला हवी. यापेक्षा जे जास्त-कमी दिसतं ते रोधकता बदलल्यामुळे.

ते दिसतंच. विल्यम थॉमसन, पुढे जे लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी १८५६ साली तांब्याच्या आणि लोखंडाच्या तारा ताणून रोध मोजला. दोन्हींत वाढ झाली, पण लोखंडात जास्त. सगळा खेळ नुसत्या आकाराचा असता तर एवढा फरक पडायचं कारण नव्हतं. ताणाच्या किती पट रोध बदलतो या आकड्याला आम्ही गेज फॅक्टर म्हणतो. तांबं आणि निकेल यांच्या कॉन्स्टंटन या मिश्रधातूचा तो २ च्या थोडा वर आहे. नुसत्या निकेलचा चक्क उणे १२ च्या आसपास, म्हणजे शुद्ध निकेलची तार हलकीशी ताणली की तिचा रोध कमी होतो! सिलिकॉनचा १०० च्या वर जातो. हा परिणाम चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मोजला, आणि आज मोटारीच्या इंजिनातले हवेचा दाब मोजणारे सेन्सर त्याच तत्त्वावर चालतात. सिलिकॉनमध्ये आकाराचा वाटा नगण्य, जवळजवळ सगळा बदल रोधकतेचा.

मग वजनकाट्यात एवढा मोठा आकडा देणारं निकेल सोडून २ वालं कॉन्स्टंटन का वापरतात? कारण तापमान. तांब्याचा रोध एका अंशाला ०.३९ टक्के वाढतो. लोड सेलवर पूर्ण भार आला तर आतला पोलादी ठोकळा साधारण ०.१ टक्का ताणला जातो आणि त्याला चिकटवलेल्या, ताण मोजणाऱ्या बारीक तारेचा, म्हणजे गेजचा रोध ०.२ टक्के वाढतो. म्हणजे तांब्याचा एकटा गेज लावला तर नुसतं एक अंश ऊन वाढल्यावर तो पूर्ण भाराच्या जवळजवळ दुप्पट आकडा दाखवेल. निकेल तर तापमानाला तांब्याहून जास्त हळवं. कॉन्स्टंटनचा हाच बदल तांब्याच्या साधारण शंभराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. शिवाय ते थोडं असो वा पुष्कळ ताणलेलं असो, त्याचा गेज फॅक्टर दोनच्या आसपास टिकून राहतो.

तार चिकटवून तिच्या रोधावरून ताण मोजायची ही युक्ती प्रत्यक्षात आली १९३८ साली. अमेरिकेत कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीमध्ये आर्थर रूज यांनी एकमेकांना न विचारता ती शोधून काढली. रूज भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांचं काय होतं याचा अभ्यास करत होते. टाकीच्या छोट्या प्रतिकृतीवरचा ताण मोजण्यासाठी त्यांनी बारीक तार चिकटवली. टाकीचा पत्रा ताणला की तारही तेवढीच ताणली जाते आणि रोध वाढतो. आता तारेऐवजी पातळ फॉइलची नागमोडी जाळी असते, नखाएवढी, पण तत्त्व तेच.

ऊस गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली चढते तेव्हा खाली हेच चाललेलं असतं. लोड सेलमध्ये चार गेज चिकटवलेले असतात, प्रत्येकी साधारण ३५० ओहमचे. भार आला की दोन ताणले जातात, दोन आखडतात. पूर्ण भाराला एका गेजचा रोध ०.७ ओहमने बदलतो. हे मल्टिमीटरने मोजत बसलो तर तुमच्यासारखाच शेवटचा अंक नाचताना दिसेल. म्हणून चारही गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे चार रोधांच्या चौकोनी जोडणीत जोडतात. मोकळ्या काट्यावर ब्रिज समतोल, बाहेर शून्य व्होल्ट. भार आला की समतोल ढळतो, आणि १० व्होल्ट दिलेले असतील तर पूर्ण भाराला सुमारे २० मिलिव्होल्ट मिळतात. तापमानाने चारही गेज सारखेच बदलले तर ते ब्रिजमध्ये आपोआप कटतं. ६० टनांच्या काट्याला १० किलोचा फरक ओळखायचा असेल तर तो ६००० वा भाग झाला, म्हणजे तीन मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून कमी. शेतकऱ्याच्या उसाचा पैसा एवढ्याशा व्होल्टवर ठरतो. म्हणून केबलच्या जोडात ओल शिरू देऊ नका, हे मी काटेवाल्यांना दर हंगामाआधी बजावतो.

लोड सेलवर पेलवेल त्याहून जास्त भार आला तर ठोकळा किंचितसा कायमचा वाकतो, आणि गाडी उतरल्यावर काटा शून्यावर येत नाही. तुमची तार सोडल्यावर पुन्हा मीटरभर झाली नाही, त्याचं हे लहान रूप. तुमच्या तारेने हा टप्पा अगदी सुरुवातीलाच ओलांडला होता, त्यामुळे तिथे भूमितीचं वर्गाचं सूत्रच लावायचं, गेज फॅक्टर नव्हे.

आता प्रयोग पुन्हा करायचा तर असा करा. तीच तार १० मीटर घ्या. गच्चीवर जागा असेल तर संध्याकाळी करा, उन्हात नको. तार ऊन लागून दहा अंशांनी तापली तर रोध चार टक्के आपोआप वाढेल आणि तुमचा हिशेब बिघडेल. टोकांवरचं इनॅमल, म्हणजे तारेवरचं वीजरोधक लेपाचं आवरण, पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत खरवडा. पकड वापरू नका. दोन्ही बाजूंना लाटण्यासारख्या गुळगुळीत दांड्यावर पाच-सहा वेढे घेऊन टोक बांधा, म्हणजे एका जागी ताण येणार नाही. टोकं मोजण्यासाठी दांड्याच्या बाहेर सोडा. वेढ्यांतली तार फारशी ओढली जाणार नाही, म्हणून वेढे कमीत कमी लांबीत बसवा.

आधी प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येईल तो लिहून ठेवा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. न ओढता ५.९ ओहमच्या आसपास यायला हवं. हळूहळू ओढत १०.५ मीटरला आणा: ६.५ ओहम. ११ मीटरला ७.१, आणि तार टिकली तर ११.५ मीटरला ७.८. आता एकेका पायरीला सहा-सात दशांशांचा फरक आहे, साध्या मल्टिमीटरलाही तो स्पष्ट दिसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिलिव्होल्टमीटर मिळाला तर आणखी चांगलं. तारेतून १०० मिलिअँपिअर सोडा आणि व्होल्ट मोजण्याच्या वायरी वेगळ्या, थेट तारेलाच लावा. मग वायरींचा आणि जोडांचा रोध मोजमापात येतच नाही. ५९० मिलिव्होल्टपासून सुरुवात होईल आणि प्रत्येक सेंटिमीटरला आकडा हलताना दिसेल. याहून जास्त करंट सोडू नका, तार गरम होते.

शेवटी आलेख काढा: आडव्या अक्षावर लांबीचा वर्ग, उभ्यावर रोध. बिंदू एका सरळ रेषेत आले आणि ती रेषा मागे वाढवल्यावर शून्यातून गेली तर आकारमान आणि रोधकता दोन्ही जवळजवळ तीच राहिली, हे तुम्ही स्वतः मोजून दाखवलंत. शेवटचा बिंदू रेषेच्या वर गेला तर तार कुठेतरी आवळली आहे, बोटांनी चाचपून जागा सापडते का बघा. सगळेच बिंदू सारखेच वर सरकले असतील तर प्रोबचा रोध वजा करायचा राहिलाय, नाहीतर टोकाचं इनॅमल अजून पुरतं निघालेलं नाही.